विद्यार्थी आंदोलनाची कादंबरी लिहिताना : मराठवाड्यातील तीन पिढ्यांचा हिशेब

विद्यार्थी आंदोलनावर कादंबरी लिहायला बसलेल्या लेखकाच्या मनात बहुतेक वेळा एक साचा आधीच तयार असतो : मुलगा बंडखोर, बाप भित्रा, आई दोघांच्या मध्ये रडवेली, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात बापाला मुलाचे म्हणणे पटते. मराठवाड्यातील कथानकाला हा साचा बसत नाही. येथे बापाने स्वतःच कधीतरी कॉलेज बंद पाडलेले असते, आजोबांनी निजामाच्या राजवटीत तुरुंगवास भोगलेला असतो किंवा निदान सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या एखाद्या कॅम्पला भाकरी पोहोचवलेल्या असतात, आणि माळवदाच्या घरातल्या भिंतीवर स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट टांगलेला असतो. अशा घरात आंदोलन करावे की करू नये यावर भांडण होत नाही. आमचे आंदोलन खरे होते, तुमचे कशासाठी आहे, यावर होते. कादंबरीचा ताण या दुसऱ्या भांडणात शोधावा असे माझे मत आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच मताच्या आधारे केल्या आहेत.

पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर पात्रांची जन्मवर्षे आणि प्रदेशातील घटनांची वर्षे शेजारी शेजारी मांडावीत. 1938 मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचा संघर्ष झाला. विद्यापीठाने काढून टाकलेल्या अनेकांनी पुढे नागपूर विद्यापीठात प्रवेश घेतला. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. 1974 मध्ये मराठवाडा विकास आंदोलनाची ठिणगी विद्यार्थ्यांनीच टाकली. नोकऱ्या, उद्योग, सिंचन आणि रेल्वेचा रुंद मार्ग या मागण्या तेव्हा पुढे आल्या, आणि वसमतला गोळीबार झाला. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि तो नामविस्ताराच्या रूपाने, म्हणजे जुन्या नावाला बाबासाहेबांचे नाव जोडून, प्रत्यक्षात यायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले.

आता या वर्षांसमोर वये लिहावीत. 1920 मध्ये जन्मलेला माणूस 1938 मध्ये अठरा वर्षांचा विद्यार्थी आहे, 1948 मध्ये अठ्ठावीस वर्षांचा कार्यकर्ता आहे आणि 1974 मध्ये चोपन्न वर्षांचा, कदाचित निवृत्तीला टेकलेला मुख्याध्यापक आहे. 1954 मध्ये जन्मलेला त्याचा मुलगा 1974 मध्ये वीस वर्षांचा आहे. ज्याला स्वतःला एका गाण्यावरून वसतिगृह सोडावे लागले, तोच मनुष्य छत्तीस वर्षांनी मुलाला 'आधी बी.ए. पूर्ण कर, मग काय करायचे ते कर' असे सांगतो. हा दुटप्पीपणा नाही, किंवा केवळ दुटप्पीपणा नाही. त्याच्या दृष्टीने परक्या सत्तेविरुद्ध लढणे ही एक गोष्ट होती आणि आपणच आणलेल्या सरकारच्या बसवर दगड मारणे ही अगदी वेगळी. मुलाच्या दृष्टीने मात्र स्वराज्य येऊन सव्वीस वर्षे झाली तरी मनमाडकडची गाडी मीटरगेजवरूनच धावत आहे आणि पदवी घेतलेला थोरला भाऊ घरी बसून आहे. लेखकाने या दोघांपैकी कोणाचीही बाजू सोपी करू नये. वडिलांच्या तोंडी कमकुवत युक्तिवाद घालून मुलाला जिंकून देणे हा या प्रकारच्या कादंबरीतील सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो चांगल्या लेखकांच्याही हातून घडतो.

कथानक आजच्या काळात घडवायचे असेल तर हिशेब आणखी काळजीने मांडावा लागतो. आज वीस वर्षांच्या असलेल्या मुलीचे वडील साधारण 1975 ते 1980 दरम्यान जन्मलेले असतील. म्हणजे 1974 चा विद्यार्थी हा आता आजोबा आहे. मधली पिढी वेगळ्याच घडणीची आहे. 1993 चा किल्लारीचा भूकंप आणि 1994 चा नामविस्तार तिने शाळकरी किंवा नुकत्याच कॉलेजात गेलेल्या वयात पाहिला. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतील थेट निवडणुका बंद झाल्या, त्यामुळे या वडिलांनी कॉलेजच्या भिंतीवर उमेदवाराचे नाव गेरूने रंगवलेले बहुधा पाहिलेले नाही, मग रंगवणे तर दूरच. त्यांच्या लेखी राजकारण म्हणजे सोसायटी, पंचायत समिती आणि गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार. आजोबा आणि नात एकमेकांची भाषा समजतात आणि मधल्या पिढीला दोघांचेही कळत नाही, अशी रचना येथे सहज शक्य आहे, आणि ती मला बाप-लेकाच्या ठरावीक झगड्यापेक्षा कितीतरी अधिक उपजाऊ वाटते. शिवाय आजच्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याचे आंदोलन पुष्कळदा मराठवाड्यात होतच नाही. तो स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला गेलेला असतो, अलका चौकात बसलेला असतो, आणि गावाकडे त्याचे आईवडील ते दृश्य मोबाइलवर पाहत असतात. त्या खोलीचे भाडे आणि अभ्यासिकेची फी कोणत्या पिकाच्या पैशातून जाते, हे कादंबरीत कुठेतरी आलेच पाहिजे.

काळाचा तपशील सांभाळताना काही ठिकाणी हमखास घसरण होते. 1974 मध्ये मराठवाड्यात पाचच जिल्हे होते : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना जिल्हा 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये झाला; त्यामुळे वसमतचा मोर्चा हिंगोलीच्या नव्हे तर परभणीच्या कलेक्टर कचेरीच्या संदर्भात घडतो. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे 2023 पूर्वीच्या शासकीय कागदावर येऊ शकत नाहीत. नांदेडचे विद्यापीठ 1994 मध्ये स्थापन झाले, तोवर उदगीरच्या विद्यार्थ्याच्याही गुणपत्रिकेचा प्रश्न औरंगाबादलाच सुटत असे, आणि सगळ्या विभागाला एकच विद्यापीठ असल्यामुळेच त्याच्या नावाचा प्रश्न सगळ्या विभागाचा झाला. शेतातही डोकावून पाहावे. 1974 च्या शिवारात सोयाबीन पेरू नये. हायब्रीड ज्वारी, मूग, उडीद, कापूस आणि रब्बीला शाळू एवढे पुरेसे आहे. 1972 चा दुष्काळ जेमतेम सरलेला आहे, म्हणजे त्या वर्षीच्या मोर्चातील कित्येक मुलांच्या आया दुष्काळी कामावर खडी फोडून आणि सुकडी खाऊन आलेल्या आहेत. मुलाच्या परीक्षेची फी त्या खडीतून भरली गेली असेल तर परीक्षेवर बहिष्कार टाकण्याचा निर्णय घरात कसा ऐकला जाईल, याचा विचार लेखकाने भाषणे लिहिण्याच्या आधी करावा.

या विषयाचा खरा कस 1978 मध्ये लागतो, आणि येथे टाळाटाळ केली तर बाकी सगळे संशोधन वाया जाते. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. चार वर्षांपूर्वी विकासाच्या मागणीसाठी एकाच ट्रकमध्ये उभी राहिलेली मुले आता दोन बाजूंना होती, आणि दोन्ही बाजू स्वतःला विद्यार्थी चळवळच म्हणवत होत्या. ज्या कादंबरीत 1974 मोठ्या अभिमानाने येते आणि नंतर एकदम 1985 उजाडते, त्या कादंबरीच्या लेखकाने मधली पाने का फाडली असा प्रश्न वाचकाने विचारला तर तो रास्तच ठरेल. नायक नामांतरविरोधी बंदमध्ये सामील झालेला असेल तर त्याला 'गर्दीबरोबर वाहत गेलेला भोळा पोरगा' करून सोडवू नये. त्याने काय केले, काय पाहिले आणि काय पाहूनही थांबवले नाही, हे त्याच्या मुलांना पुढे कधी आणि कोणाकडून कळते, यावर कादंबरीचा अर्धा भाग उभा राहू शकतो.

नायक दलित वस्तीतून आलेला असेल तर पिढ्यांमधील अंतराची जातकुळीच बदलते. समजा, तो 1978 मध्ये औरंगाबादला नागसेनवनात शिकत आहे. त्याचे मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये सुरू केलेले आहे, आणि घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिला आहे. त्याचा बाप भित्रा आहे असे लिहिण्याचा मोह होईल. पण 1956 नंतर गावकीची कामे नाकारण्याचे धाडस याच बापाच्या पिढीने केले आहे आणि त्याचे परिणाम त्याच गावात राहून सोसले आहेत. मुलगा वसतिगृहात आहे, बाप गावात आहे. मुलाच्या घोषणेचा जाब बापाला विचारला जाणार आहे. जुलैची अखेर म्हणजे खुरपणीचे दिवस. कामावर बोलावणे थांबले की चूल थांबते. बहिष्कार हा शब्द न वापरता तो दाखवता येतो : बाई दळणाचा डबा घेऊन गिरणीवर जाते, पट्टा फिरत असतो, गिरणीवाला तिच्याकडे न पाहता 'आज लाइट नाही' म्हणतो, आणि ती डबा तसाच डोक्यावर घेऊन परत फिरते. अशा एका प्रसंगानंतर बाप मुलाला 'गावाकडं येऊ नको' असा निरोप पाठवतो, तेव्हा तो निरोप भीतीचा आहे की मुलाला मोकळे करण्याचा आहे, हे लेखकाने ठरवून टाकू नये.

आंदोलनाची बाह्य दृश्ये लिहिताना घोषणा आणि लाठीमार यांवर नवख्या लेखकाचा सगळा जीव असतो. प्रत्यक्षात आंदोलनाचा मोठा भाग कागदावर चालतो, आणि कादंबरीला उपयोगी पडणारे बारकावे तेथेच सापडतात. आधी निवेदन लिहिले जाते. 'प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब' येथून सुरू होऊन ते 'मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील' या वाक्यावर संपते, आणि हे वाक्य आजही तसेच्या तसे लिहिले जाते. ज्याचे अक्षर चांगले त्याच्याकडे निवेदन लिहायचे काम येते, आणि पुढे पोलिसांकडे पहिले नावही पुष्कळदा त्याचेच जाते. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घेऊन पोच जपून ठेवली जाते. मग इशारा, धरणे, मोर्चा, साखळी उपोषण, तहसीलदारांच्या हातून लिंबूपाणी आणि 'आपल्या मागण्या शासनास कळविण्यात आल्या आहेत' असे लेखी आश्वासन. 1974 मधील पत्रक स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर काढलेले असेल, ज्याची शाई हाताला लागते आणि घरी गेल्यावर लपत नाही. पोस्टर कणकेच्या खळीने चिकटवलेले असेल. रात्री खळ शिजवायला पातेले कोणाच्या घरातून आले, येथपर्यंत लेखकाला माहीत असावे, जरी त्यातले पानभरही कादंबरीत आले नाही तरी.

कागदाचा दुसरा टोकाचा भाग म्हणजे गुन्हा दाखल होणे. जमावबंदीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे 144 कलम आणि पोलीस अधिनियमाचे 37 कलम लागत असे. 1 जुलै 2024 पासून 144 ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 कलमाने घेतली आहे. शासकीय कामात बळाने अडथळा आणल्याबद्दलचे भारतीय दंड संहितेतील 353 हे गावोगावी तोंडपाठ असलेले कलम आता भारतीय न्याय संहितेत 132 झाले आहे. कथानकाच्या वर्षाप्रमाणे योग्य आकडा वापरावा. त्याहून महत्त्वाचे असे की वडिलांच्या विरोधाला या कागदाने ठोस कारण मिळते. शासकीय नोकरीत निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते, आणि चौकात एका दुपारी झालेला गुन्हा तेथे वर येतो. जिरायती जमिनीच्या तुकड्यावर जगणाऱ्या घराला शासकीय नोकरी ही एकच बाहेर पडण्याची वाट दिसत असेल, तर मुलाचे नाव प्रथम खबरी अहवालात येऊ नये म्हणून जमादाराच्या घरी जाऊन बसणारा बाप हास्यास्पद ठरत नाही. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय शासन वेळोवेळी काढते, पण तोपर्यंत वयोमर्यादा उलटून गेलेली असू शकते.

संवादांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. ग्रामीण मराठवाड्यातील बाप आणि वयात आलेला मुलगा समोरासमोर फारसे बोलत नाहीत. म्हणून दिवाणखान्यात उभे राहून दोन पाने चालणारा वैचारिक वाद तेथे खोटा वाटतो. बोलणे आईमार्फत होते. बाप ताटावरून उठताना भिंतीकडे पाहत म्हणतो, 'जेवून घे म्हणावं त्याला. आन् मोर्चाला जायचंच असंल तर भाड्याचे पैसे कोनाड्यात हायेत.' या वाक्यांत विरोध आहे, मुलगा ऐकणार नाही याची जाणीव आहे, आणि त्याने गावात कोणापुढे हात पसरू नये हा मानही आहे. यावर लेखकाने खाली स्पष्टीकरण जोडले की सगळे वाया गेले. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही', वडिलांसाठी दादा, आबा, अण्णा किंवा भाऊ यांपैकी त्या घरात रूढ असलेले एकच संबोधन, आणि आजच्या पिढीत शहरात वाढलेल्या नातवाचे 'पप्पा, तू थांब ना' हे तिसऱ्या प्रकारचे बोलणे, एवढ्यावरही पिढ्यांचे अंतर ऐकू येते. बोलीचा वापर बेताने करावा. 'जाऊलालो', 'करूलाले' ही नांदेड-लातूरकडची रूपे पैठणच्या पात्राच्या तोंडी घालू नयेत, आणि सगळ्याच गावकऱ्यांना एकसारखे अशुद्ध बोलायला लावून मुख्य पात्रांना पुण्याचे मराठी देऊ नये.

निजामकाळात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, ही गोष्ट कादंबरीकाराला फार उपयोगी आहे. 1938 च्या आजोबांची टाचणवही उर्दू लिपीत असू शकते. घरात ती वही सगळ्यांना माहीत असते, पण वाचता कोणालाच येत नाही, आणि ती वाचून घ्यायला नातीला गल्लीतल्या एखाद्या वृद्ध मुस्लिम शिक्षकाकडे जावे लागते. निजामाविरुद्ध लढलेल्या माणसाची वही निजामाच्या दरबारी भाषेत आहे, आणि रझाकारांच्या आठवणी व 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांनी सोसलेल्या हिंसेच्या आठवणी या दोन्ही त्या खोलीत हजर आहेत. येथे लेखकाने घाई करू नये. वही उघडताच गुपित बाहेर पडते, असे घडवले तर तो चमत्कार होतो. तीत बहुधा हिशेब, उधारी आणि हाली या निजामी चलनातल्या रकमा निघतील, आणि तसेच निघू द्यावे.

माहिती गोळा करण्यासाठी जुन्या दैनिकांचे बांधीव अंक, विधिमंडळाच्या चर्चांचे वृत्तान्त आणि जिल्हा गॅझेटिअर पाहावेत. अंक चाळताना केवळ पहिले पान न पाहता बाजारभाव, निकाल आणि जाहिरातीही पाहाव्यात. प्रत्यक्ष सहभागी झालेल्या माणसांशी बोलताना 'तुम्ही आंदोलन का केले' हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर सतरा सप्टेंबरच्या भाषणात देऊन देऊन गुळगुळीत झालेले असते. त्या दिवशी कोणाची सायकल होती, पळताना कोणत्या बोळात शिरलात, रात्री काय खाल्ले, घरी प्रथम कोण भेटले, असे विचारावे. त्यानंतर, शक्य झाल्यास एकटे गाठून, त्यांच्या पत्नीला किंवा बहिणीला तेच विचारावे. दोन हकिकती जुळणार नाहीत, आणि कादंबरी तेथून सुरू होऊ शकते. मुलींच्या सहभागाबाबत हाच मार्ग विशेष उपयोगी पडतो, कारण मुलींची नावे बातमीत क्वचितच येतात. वसतिगृहाचे फाटक किती वाजता बंद होई आणि ते चुकले तर पत्र कोणाच्या घरी जाई, यावरून त्यांचा सहभाग अधिक नेमका कळतो.

मृत्यू लिहिताना विशेष जबाबदारी येते. वसमतमध्ये किंवा नामांतराच्या काळात ज्यांचे प्राण गेले त्यांची कुटुंबे आजही याच जिल्ह्यांत राहतात. म्हणून घटनेचे वर्ष आणि शहर खरे ठेवावे, पण गाव, कॉलेज आणि मृत पात्र काल्पनिक असावे. एखाद्या खऱ्या व्यक्तीच्या शेवटच्या क्षणांत आपले विचार भरू नयेत. सार्वजनिक जीवनातील नेते पार्श्वभूमीला येऊ शकतात, मात्र त्यांच्या तोंडी कल्पित संवाद घालू नयेत.

शेवट समेटाचा करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. मराठवाड्यातील बहुतेक आंदोलनांचा निकाल अर्धवट आणि उशिरा लागला आहे : रुंद रेल्वेमार्ग आला तेव्हा ती मागणी करणारा चाळिशीत पोहोचला होता, आणि वैधानिक विकास मंडळही 1994 मध्येच आले. त्यामुळे कथानकाचा शेवट एखाद्या प्रलंबित कागदावर ठेवणे अधिक प्रामाणिक ठरते. पहिला खर्डा झाल्यावर तो दोन वाचकांना द्यावा, एक साठीच्या पुढचा आणि एक पंचविशीच्या आतला, आणि दोघांना एकच काम सांगावे : जेथे आपल्या पिढीवर अन्याय झाला असे वाटेल तेथे समासात रेघ मारा. रेघा एकाच वाचकाच्या प्रतीवर असतील तर लेखकाने बाजू घेतली आहे आणि पुनर्लेखन करावे लागेल. दोन्ही प्रतींवर वेगवेगळ्या पानांवर रेघा असतील तर त्या पानांना हात न लावता मधला पसारा कापायला घ्यावा, आणि त्यात सर्वांत आधी भाषणे कापावीत.